झाडीपट्टीतील मालगुजारी तलाव

वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीत, म्हणजे आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी दप्तरात त्यांची नोंद ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी होते. गावकरी त्यांना नुसते तलाव किंवा बांध म्हणतात, आणि आकाराने लहान असेल तर बोडी. बहुतेक तलाव दोनशे ते चारशे वर्षांपूर्वीचे आहेत. ते कोणत्याही मध्यवर्ती खात्याने आखले नाहीत. गावांनी आपल्या शिवाराचा उतार पाहून ते बांधले आणि कित्येक पिढ्या सांभाळले. म्हणूनच महाराष्ट्रातल्या ग्रामीण समाजाने पाणी, जंगल आणि शेती यांच्याकडे कसे पाहिले, हे समजून घ्यायला या तलावांच्या इतिहासाइतके चांगले साधन क्वचितच मिळेल. गावाची निसर्गाबद्दलची आस्था कशावर उभी असते आणि ती केव्हा ढळते, हे या इतिहासात टप्प्याटप्प्याने दिसते.

झाडीपट्टीत पाऊस कमी नाही. वर्षाला साधारण १,२०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मुख्य पीक धानाचे. धानाला रोवणीच्या वेळी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी साचलेले लागते आणि पुढे पीक गर्भावर येऊन निसवते तेव्हा पुन्हा पाणी लागते. हा दुसरा काळ भाद्रपद-आश्विनात येतो, आणि नेमका तेव्हाच पाऊस दगा देतो. शेवटच्या एक-दोन पाण्यांअभावी अख्खे पीक पळिंजाचे होऊन जाते. जमिनीखाली कठीण खडक असल्यामुळे विहिरीही फार पाणी देत नाहीत. तेव्हा पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी शेताच्या वरच्या अंगाला अडवून ठेवणे आणि निसवणीच्या दिवसांत ते खाली सोडणे, हाच उपाय उरतो. मालगुजारी तलावाचे मूळ काम एवढेच आहे. वर्षभर बागायत पिकवावी म्हणून तो बांधलेला नाही. एका पिकाची खात्री करण्यासाठी बांधलेला आहे. ही मर्यादा बांधणाऱ्यांना ठाऊक होती, आणि पाण्याच्या वाटपाचे सगळे रिवाज तिच्यावरच बेतलेले होते.

तलावांचा इतिहास गोंड राज्यांपासून सुरू होतो. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड घराण्यातील राजा हिरशहा याच्याबद्दलची परंपरा एकोणिसाव्या शतकातील जमाबंदी अधिकारी मेजर ल्युसी स्मिथ यांनी नोंदवून ठेवली. जो रान साफ करील त्याला त्या जमिनीचा हक्क, आणि जो तलाव बांधील त्याला तलावाखाली भिजणारी जमीन सवलतीने, असे या राजाचे धोरण सांगितले जाते. परंपरेतील राजांच्या सनावळ्या तपासून घ्याव्या लागतात. पण धोरणाचा गाभा खरा असावा, कारण त्याच्या खुणा सबंध खोऱ्यात विखुरलेल्या आहेत. राज्याला लोकवस्ती हवी होती आणि महसूल हवा होता. तलाव असेल तर माणूस एका जागी टिकतो आणि दुष्काळात गाव उठून जात नाही. राजाने स्वतःच्या खजिन्यातून तलाव खोदण्यापेक्षा खोदणाऱ्याला हक्क देणे पसंत केले. या एका निर्णयामुळे तलाव ही राजाची वास्तू न होता गावाची मालमत्ता झाली.

हे काम प्रामुख्याने ज्यांनी हाती घेतले ते कोहळी. गोंड राजाने आपल्या पूर्वजांना काशीकडून आणले, अशी या समाजाची आख्यायिका आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात कोहळींची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशीच दिली आहे. जमिनीचा उतार नजरेने ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. पावसाळ्यात पाणी कुठून येते, कुठे रेंगाळते आणि कुठून निसटते, हे ते कित्येक हंगाम पाहत आणि मगच पाळीची, म्हणजे मातीच्या बांधाची, जागा ठरवत. त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असे सांगतात. सभोवतीच्या डोंगरांच्या रांगेला ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि त्यांपैकी एका शिखरावर कोलासूर देवाचे ठाणे आहे. हा कोलासूर म्हणजे देवत्व पावलेले कोलू पाटीलच. ज्याने पाणी अडवले त्याला गावाने देव मानले. त्या समाजाच्या लेखी तलावाचे मोल काय होते, ते यावरून कळावे.

तलावाची रचना साधी असली तरी विचारपूर्वक केलेली असे. दोन टेकड्यांमधली किंवा उंचवट्यांमधली अरुंद जागा निवडून तिथे मातीची पाळ घातली जाई. माती थराथराने टाकून ती बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी तुडवून घट्ट करत. पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडूम बसवत. त्यात वेगवेगळ्या उंचीवर भोके असत आणि ती दट्ट्यांनी बंद केलेली असत. पाणी जसे उतरेल तसे वरून खाली एकेक भोक उघडायचे. त्यामुळे वरचे, उन्हाने तापलेले आणि तुलनेने निवळ पाणी आधी शेतात जाई, आणि दाबाने पाळीला धोकाही होत नसे. जास्तीचे पाणी जाण्यासाठी एका अंगाला सलंग, म्हणजे दगडी सांडवा असे. एका तलावाच्या सलंगावरून सुटलेले पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत, अशी साखळी अनेक ठिकाणी होती. वरच्या गावाने पाळ जास्त उंच केली तर खालच्या गावाचे पाणी तुटे. म्हणून पाळीची उंची ही दोन गावांमधल्या बोलणीची बाब असे.

तलावाच्या वर जंगल, तलावाच्या खाली बांध्या आणि बांध्यांच्या कडेला गाव, अशी मांडणी झाडीपट्टीत ठिकठिकाणी दिसते. वरचे जंगल उघडे झाले तर माती वाहून येते आणि तलाव भरतो, हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. उन्हाळ्यात तलाव आटला की पोटातला गाळ काढून गाड्यांनी शेतात नेत. गाळ काढल्याने तलाव खोल राही आणि बरडी किंवा सिहारसारख्या हलक्या जमिनीला पोषक माती मिळे. कन्हार आणि मोरंड या भारी जमिनी धानाखेरीज दुसरेही पीक देत. धान कापणीला येण्याआधी उभ्या पिकात लाखोळी किंवा जवस फेकायचे, या उतेरा पद्धतीत बांधीतल्या उरलेल्या ओलाव्यावर नांगरणीशिवाय दुसरे पीक निघे. लाखोळी ही द्विदल असल्याने जमिनीला नत्रही मिळे. आज ज्याला टिकाऊ शेती म्हटले जाते तिचे बरेच घटक या चक्रात होते. मात्र निसर्ग राखण्याचा वेगळा असा कार्यक्रम त्यामागे नव्हता. गाळ काढणे ही शेतीची गरज होती, आणि तलाव टिकणे त्या गरजेतूनच साधत होते.

पाण्याचे वाटप गावसभेत ठरे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी सगळ्या बांध्यांना पाणी, कमी झाला तर आधी कोणाच्या आणि किती बांध्यांना, हे बसून ठरवले जाई. पाट साफ करणे, पाळीवरची झुडपे काढणे, घुशी-खेकड्यांनी पाडलेली बिळे बुजवणे ही कामे पावसाळ्याच्या तोंडावर घरटी माणूस देऊन होत. पाणी सोडण्यासाठी नेमलेल्या माणसाला हंगामाच्या शेवटी धानाच्या रूपाने मोबदला मिळे. पाणी घेणाऱ्याने काम द्यायचे आणि काम देणाऱ्याला पाणी मिळायचे, हा हिशेब सर्वांना समजण्याजोगा होता.

तलावाच्या वरच्या जंगलाशी गावाचे नाते घडवण्यात गोंड समाजाच्या श्रद्धांचा मोठा वाटा आहे. गोत्राशी जोडलेला प्राणी मारायचा नाही आणि गोत्राचे झाड तोडायचे नाही, हा नियम वेगवेगळ्या कुळांना वेगवेगळ्या जीवांचे राखणदार बनवतो. गडचिरोलीच्या माडिया गोंडांमध्ये मर्का पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. फळ पुरते पिकण्याआधी झाड ओरबाडले जाऊ नये, हा या सणाचा प्रत्यक्ष परिणाम होतो. मोहाचे झाड तर शेताच्या मधोमध आले तरी सहसा तोडले जात नाही, कारण त्याची फुले, टोळ आणि तेल टंचाईच्या दिवसांत घर चालवतात. देवाची भीती आणि पोटाची गरज यांचा पदर इथे एकमेकांत गुंतलेला आहे, आणि त्यांतला एक सोडवून वेगळा दाखवण्याचा अट्टाहास करू नये.

१७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे गेले. मराठी अमलात गावाचा महसूल गोळा करणारा पाटील किंवा मालगुजार महत्त्वाचा झाला, पण जमिनीचा मालक तो नव्हता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याच दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी देण्यात आली. तलाव, पडीक जमीन, गावचे जंगल या सगळ्यावर आता एका माणसाचे नाव चढले. गावकऱ्यांचे जुने वहिवाटीचे हक्क मात्र इंग्रजांना पुसून टाकता आले नाहीत. सरपण, चराई, इमारती लाकूड, तलावाचे पाणी या गोष्टी वापरण्याच्या हक्काला ‘निस्तार’ म्हणत, आणि प्रत्येक गावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात लिहून घेतल्या गेल्या. कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या जमिनीला, किती आणि मोफत की कशाच्या मोबदल्यात, याच्या नोंदी त्यात सापडतात. विदर्भातल्या गावांसाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कायम राहिली. मराठी ग्रामजीवनाच्या अभ्यासकांनी या कागदांकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही, ही खंत वाटते.

मालगुजारीच्या काळाचे चित्र रंगवताना सावध राहावे लागते. तलाव उत्तम राखले गेले हे खरे. मालगुजाराची स्वतःची सर्वांत चांगली जमीन तलावाखाली असे, त्यामुळे पाळ फुटली तर पहिला फटका त्यालाच बसे. पण पाळ दुरुस्त करणारे हात बहुधा वेठीचे असत. गोंड, महार, ढिवर आणि इतर कष्टकरी जातींच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या माती वाहिली. आख्यायिकांत आणि देवळांत नाव उरले ते पाटलांचे. पाणवठे जातीप्रमाणे वेगळे होते. भूमिहीनाला तलावाच्या पाण्याचा उपयोग मजुरीपुरता आणि फार तर शिंगाडे, मासे, कमळकंद यांपुरता. गावाने निसर्ग राखला असे म्हणताना त्या गावात कोणाचा शब्द चाले आणि कोणाचा चालत नसे, हे सोडून देणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय. जुन्या व्यवस्थेचे कौतुक करणाऱ्या लेखनात ही बाजू वारंवार गाळली जाते, आणि त्यामुळे ती व्यवस्था पुढे इतक्या झपाट्याने का कोसळली याचेही उत्तर मिळत नाही. ज्यांना तलावात हक्काचा वाटा नव्हता, त्यांना मालगुजाराचा अंमल संपल्यावर पाळीवर राबण्याचे काही कारण उरले नव्हते.

१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर सरकारनेही मध्य प्रांतात सिंचनाची कामे काढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत बोदलकसा, चोरखमारा, असोलामेंढा असे मोठे सरकारी तलाव उभे राहिले. त्यांची धाटणी नव्या अभियांत्रिकीची असली तरी जागा निवडताना जुनेच शहाणपण कामी आले: टेकड्यांच्या मधली खिंड, वर जंगल आणि खाली धानाचा पट्टा.

खरे वळण आले ते स्वातंत्र्यानंतर. त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने १९५० मध्ये मालकी हक्क रद्द करण्याचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. जमीनदारीचा अंत हा न्यायाचा विजय होता, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तलावांच्या बाबतीत मात्र एक पोकळी निर्माण झाली. मालकाच्या ताब्यातील जमिनीत असलेले काही तलाव खासगी राहिले. उरलेले सरकारजमा झाले. निस्तारीचा हक्क कागदावर होता, पण पाळ दुरुस्त करण्याची, पाणी सोडण्याची, गाळ काढण्याची जबाबदारी आता कोणाची, याचे उत्तर गावात मिळेना. पुढे सरकारने पाणीपट्टी मागितली, तेव्हा शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी ती नाकारली. पूर्वजांनी बांधलेल्या तलावाचे, वहिवाटीने मोफत असलेले पाणी आम्ही विकत का घ्यावे, हा त्यांचा सवाल होता. पाणीपट्टी मिळत नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून पाणीपट्टी नाही, अशा कोंडीत कित्येक वर्षे गेली.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे राज्याच्या खात्यांकडे, अशी विभागणी झाली. तलावाखालची जमीन महसूल खात्याची, मासेमारीचा ठेका वेगळ्या कार्यालयाचा, पाणलोटातले जंगल वनखात्याचे आणि पाळ सिंचन विभागाची. पूर्वी गावाच्या एका बैठकीत मिटणारे प्रश्न आता चार कार्यालयांत फिरू लागले. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर वनजमिनीतल्या तलावाच्या दुरुस्तीलाही मंजुऱ्यांची वाट पाहावी लागली. घरटी माणूस देऊन पाळ नीट करण्याची प्रथा हळूहळू बंद पडली. गावकऱ्यांच्या मनातून तलाव ‘आपला’ होता तो ‘सरकारी’ झाला, आणि सरकारी गोष्टीची राखण सरकारने करायची असा सरळ निष्कर्ष त्यांनी काढला. याला आळस किंवा अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. हक्क काढून घेतल्यावर कर्तव्य मागे उरेल ही अपेक्षाच चुकीची होती.

त्याच दशकांत शेतीही बदलली. इटियाडोहसारखे मोठे प्रकल्प उभे राहिले, पुढे वैनगंगेवर गोसीखुर्दचे काम १९८० च्या दशकात सुरू झाले, आणि सिंचन म्हणजे धरण व कालवा हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. अधिक उत्पन्नाचे धान आले, त्याबरोबर रासायनिक खते आणि कीटकनाशके आली. काही भागांत उन्हाळी धान घेतले जाऊ लागले, आणि विजेच्या पंपांनी तलावाचे उरलेले पाणी उपसणे सोपे झाले. जो तलाव एका पिकाच्या भरवशासाठी बांधला होता त्याच्याकडून दोन पिकांची मागणी होऊ लागली. गाळ निघेना, आटलेल्या पोटात अतिक्रमणे झाली आणि पाण्याच्या कडेने बेशरमची झुडपे माजली.

बदलाकडे झाडीपट्टीतला शेतकरी आंधळेपणाने गेला, असे मात्र नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या बाजूला काढून, वर्षामागून वर्षे निवड करत एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. ते मध्य भारतात लाखो लोकांच्या ताटात पोहोचले. चिन्नोरसारखे सुवासिक जुने वाण भंडारा जिल्ह्यात काही घरांनी टिकवून धरले, आणि २०२३ मध्ये भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले. निरीक्षण करणे, निवडणे आणि राखून ठेवणे ही सवय बियाण्याच्या बाबतीत शाबूत राहिली, कारण बियाणे शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात होते. तलाव त्याच्या हातातून गेला होता.

तलावाच्या ऱ्हासाचा सर्वांत मोठा घाव ढिवर समाजाला बसला. जमीन नसलेल्या या समाजाचे सगळे जगणे पाण्यावर. तलावात पूर्वी स्थानिक माशांच्या कितीतरी जाती असत. पहिल्या पावसात पाट आणि बांध्यांतून वर चढणारे चढणीचे मासे, चिखलात तग धरणारे मरळ आणि मांगूर, आणि पाणवनस्पतींत अंडी घालणाऱ्या लहान जाती यांवर गावाची गरज भागे. स्वातंत्र्यानंतर मच्छीमार सहकारी संस्था स्थापन झाल्या, तलाव ठेक्याने मिळू लागले, आणि रोहू, कटला, मृगळ या जलद वाढणाऱ्या माशांचे बीज सोडण्यावर सगळा भर आला. हे मासे साचलेल्या पाण्यात नैसर्गिकरीत्या प्रजनन करत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. स्थानिक मासे ‘निरुपयोगी’ आणि पाणवनस्पती ‘तण’ ठरल्या. वनस्पती काढून टाकल्यावर माशांना लपायला आणि अंडी घालायला जागा उरली नाही, आणि त्यांच्यावर जगणारे पक्षीही तलाव सोडून गेले.

या घसरणीला गावातूनच उत्तर मिळाले. अर्जुनी मोरगाव परिसरात काम करणाऱ्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या जुन्या जाणकारांबरोबर बसून तलावातल्या वनस्पती आणि मासे यांची माहिती गोळा केली. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर उगवते, कोणता मासा तिच्या आश्रयाला येतो, कोणत्या पक्ष्याला त्यातले काय लागते, हे ज्ञान या समाजाच्या रोजच्या कामात होते, पण त्याला ज्ञान म्हणून मान मिळाला नव्हता. त्यानुसार उन्हाळ्यात आटलेल्या तलावातील बेशरम मुळासकट काढून तळ नांगरला गेला, आणि पाऊस पडल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती लावण्यात आल्या. स्थानिक मासे पुन्हा सोडले गेले आणि ते वाढेपर्यंत मासेमारीला आवर घातला गेला. या कामात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. रोजगार हमीच्या कामातून तलावात उतरलेल्या या स्त्रिया पुढे तलावाबद्दलच्या निर्णयांत बोलू लागल्या. मालगुजारीच्या काळात ज्यांना बैठकीत जागा नव्हती त्यांच्या हातून तलाव सावरले जात आहेत, आणि जुन्या व्यवस्थेहून हा बदल अधिक मोलाचा आहे.

निसर्गप्रेमींना झाडीपट्टीचे तलाव आधी परिचित झाले ते पक्ष्यांमुळे. नवेगावबांधच्या परिसरात १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. वनाधिकारी म्हणून तिथे राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी हा तलाव आणि त्याचे जाणकार माधवराव पाटील डोंगरवार मराठी वाचकांपर्यंत पोहोचवले. ‘नवेगावबांधचे दिवस’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच तलाव आहे. माधवराव हे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातले, आणि त्यांच्याजवळ असलेली पाण्याची आणि पाखरांची माहिती वाचून आलेली नव्हती. त्या एका माणसाचे ज्ञान पुस्तकांत उतरले हे मराठीचे भाग्य. त्यांच्यासारखे जाणकार इतर गावांतही होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे ज्ञान गेले, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्रात सारस क्रौंच आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात आणि तेही काही डझनांच्या संख्येने उरले आहेत. हा पक्षी संरक्षित जंगलात राहत नाही. त्याचे घर म्हणजे तलावाचा काठ आणि पाणी भरलेली धानाची बांधी. ऐन पावसाळ्यात उभ्या पिकात तो गवताचा आणि धानाच्या काड्यांचा मोठा ढीग रचून घरटे करतो आणि साधारण दोन अंडी घालतो. घरट्यापुरते धान बुडते, शिवाय नर-मादी महिनाभर तिथून हलत नाहीत. शेतकऱ्याने मनात आणले तर घरटे मोडायला दोन मिनिटे पुरतील. गोंदियातील सेवा या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी परसवाडा, झिलमिली अशा तलावांच्या परिसरातील शेतकऱ्यांशी वर्षानुवर्षे संवाद ठेवला, घरट्यांवर लक्ष ठेवणारे सारसमित्र गावातूनच उभे केले, आणि अनेक शेतकऱ्यांनी घरट्याभोवतीचे पीक सोडून दिले. जन्मभर जोडीने राहणारा पक्षी म्हणून सारसाबद्दल लोकांत आदर होताच. पण आदराला मर्यादा आहेत: विजेच्या तारा, कीटकनाशके आणि काठापर्यंत आलेली शेती यांमुळे संख्या पुन्हा घटू लागली, आणि २०२१ पासून हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर आला. घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला बुडालेल्या धानाची भरपाई वेळेवर मिळावी, ही अगदी साधी अपेक्षा आहे. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने चार बांध्यांतला एक कोपरा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली आणि गाळ शेतात नेण्याची जुनी रीत सरकारी कार्यक्रमात आली. योजनेमुळे कित्येक तलाव खोल झाले. मात्र यंत्राने तळ सरसकट खरवडला की पाणवनस्पतींचे कंद आणि बीही गाळाबरोबर निघून जातात. बैलगाडीने गाळ काढला जाई तेव्हा तलावाचा एखादा भागच त्या वर्षी मोकळा होई, बाकीचा तसाच राही. हा फरक मोजमापाच्या नोंदवहीत दिसत नाही, तलावात मात्र दिसतो.

हक्काच्या बाबतीत काही दारे पुन्हा उघडली आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत निस्ताराचा स्पष्ट उल्लेख केला, आणि जलाशयातील मासे व इतर उत्पादनांवरील हक्कही मान्य केला. १९५१ नंतर व्यवहारात क्षीण होत गेलेल्या शब्दाला असे पुन्हा कायद्याचे बळ मिळाले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तो मिळण्यापूर्वीच गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची, अभ्यासगट चालवण्याची आणि जंगल राखण्याची घडी बसवली होती. त्याच्या पाठोपाठ गडचिरोलीत शेकडो गावांनी असे हक्क मिळवले आणि बांबू व तेंदूपत्त्याचा व्यवहार ग्रामसभेच्या हाती घेतला.

तलावांची गोष्ट मात्र अजून अर्ध्यावरच आहे. भंडारा आणि गोंदिया जिल्हे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे पेसाची तरतूद तिथल्या तलावांना लागू होत नाही. वनहक्क कायदा वनक्षेत्रातल्या तलावांपुरता आहे, आणि बहुसंख्य मालगुजारी तलाव महसुली गावांच्या शिवारात आहेत. त्यांच्या पाळीचा निर्णय जिल्हा परिषदेचा लघु सिंचन विभाग घेतो, माशांचा ठेका मुदतीने दिला जातो आणि पाणी सोडण्याची वेळ खालचे शेतकरी ठरवतात. शेतकऱ्याला निसवणीसाठी तलाव रिकामा हवा असतो, तर ढिवराला माशांसाठी तळाशी पाणी उरायला हवे असते. हे दोघे एका बैठकीत बसून किती पाणी राखायचे ते ठरवतात अशी काही गावे आहेत. पण तशी बैठक घेण्याचा अधिकार गावाला देणारा कायदा या दोन जिल्ह्यांतल्या तलावांसाठी अजून झालेला नाही.